गर्भाशय-मुखाची तपासणी : बार्शीने शिकविलेला धडा



उसाला हुमणी लागते तेव्हा सुरुवातीला वरून फड हिरवागारच दिसतो. पाने पिवळी पडली, बेट हाताने सहज उपटून आले, की मग आपल्याला कळते. पण तोवर मुळ्या खाऊन झालेल्या असतात. बायकांच्या गर्भाशय-मुखाच्या कर्करोगाचेही असेच आहे. आत बिघाड सुरू होऊन वर्षे लोटतात, तरी बाई शेतात राबत असते, धारा काढत असते, काही दुखत नाही. त्रास सुरू झाला म्हणून दवाखाना गाठावा, तर रोग पुढे गेलेला असतो. फडाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघेल; घरची बाई गेली तर ते कशाने भरून निघणार?

हा विषय आपल्या घरात कोणी काढत नाही. सासू सुनेशी बोलत नाही, बायको नवऱ्याला सांगत नाही. म्हणूनच आम्ही तो येथे काढला आहे. पुरुष सभासदांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. दवाखान्यात कधी न्यायचे आणि पैसे कुठून काढायचे, हे बहुतेक घरांत अजून तेच ठरवतात.

बार्शीला काय घडले

आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसे बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगाव फिरली. कोणाला कर्करोग झाला, केव्हा कळला, पुढे काय झाले, हे लिहून घेता घेता ती लोकांशी बोललीही. लक्षणे कोणती, कुठे यायचे, हे सांगत गेली. एवढ्या बोलण्यानेच पुढच्या काही वर्षांत रोग लवकरच्या अवस्थेत असताना येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले.

पुढे १९९९ मध्ये याच रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून त्यांचे चार भाग केले. तीन भागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, प्रत्येकीची एकदाच. चौथ्या भागात माहिती दिली आणि नेहमीची दवाखान्याची सोय तेवढी. चौथ्या भागातील बायकांना तपासणी दिली नाही, यावर पुढे टीकाही झाली, ती विसरून चालणार नाही.

२००९ साली आठ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तपासणी न दिलेल्या भागात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या. एचपीव्ही विषाणूची तपासणी दिलेल्या भागात ३४. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जिच्यात विषाणू सापडला नव्हता, अशी एकही स्त्री त्या आठ वर्षांत या रोगाने गेली नाही. हा निकाल जगभर वाचला गेला. बैलगाडीच्या वाटेवरच्या गावांतील बायकांनी तो जगाला दिला. आता प्रश्न एवढाच, की आपल्या घरच्या बायकांना त्याचा उपयोग झाला का?

रोग कसा होतो

एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो इतका सार्वत्रिक आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हा ना केव्हा लागतोच. तेव्हा यावरून कोणाच्या चालचलणुकीवर बोट ठेवण्याचे कारण नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो आणि गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बिघडवतो. या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. हा एवढा काळ आपल्या हातात असतो. तपासणी करायची ती याच काळात.

तपासण्या कोणत्या, त्यांत काय करतात

बायका तपासणीला घाबरतात त्या बहुधा आत काय करणार हे ठाऊक नसते म्हणून. ते क्रमाने सांगतो.

१) व्हिनेगरची तपासणी. बाईला पाठीवर झोपवून, एक उपकरण घालून गर्भाशयाचे तोंड नीट दिसेल असे करतात. त्यावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. किंचित चुरचुरते, एवढेच. निकाल तिथल्या तिथे मिळतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी ठरविली आहे. मुंबईत टाटा केंद्राने शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून ती दर दोन वर्षांनी करविली, तेव्हा या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

२) पॅप तपासणी. लहानशा ब्रशने किंवा लाकडी पट्टीने तोंडाजवळच्या पेशी घेऊन काचेवर पसरतात. काच प्रयोगशाळेत जाते, तज्ज्ञ ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निकालाला काही दिवस लागतात.

३) एचपीव्ही तपासणी. यातही ब्रशनेच नमुना घेतात; यंत्र त्यात विषाणू आहे की नाही हे सांगते. नमुना नीट समजावून दिल्यास बाई स्वतःही घेऊ शकते.

या तपासण्या पाळीच्या दिवसांत करू नयेत. टाके नाहीत, भूल नाही, दवाखान्यात राहणे नाही. बाई तासाभरात घरी येते. जवळ बाई-डॉक्टर किंवा परिचारिका हवी, असे स्पष्ट मागावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

निकालात दोष आला तर

दोष आला म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. धाराशिवच्या अभ्यासात साधारण दहा जणींत एकीला विषाणू सापडला. त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. पुढची पायरी म्हणजे कॉल्पोस्कोपी : दुर्बिणीसारख्या भिंगातून तो भाग मोठा करून पाहणे. शंकेची जागा दिसली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. चिमटा घेतल्यासारखे वाटते, दोन-चार दिवस थोडे डाग पडतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही समजूत खोटी आहे. तुकडा न तपासता उपचार करणे म्हणजे माती परीक्षण न करता खते ओतणे.

कर्करोगाच्या आधीचा बिघाड असेल तर तेवढाच भाग थंड करून, उष्णता देऊन किंवा तारेच्या फासाने काढून टाकतात. बहुधा त्याच दिवशी घरी. गर्भाशय जागेवर राहते. कर्करोगच ठरला, तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात, आणि लवकर कळला तर तो बराही होतो.

पिशवी काढण्यापूर्वी

आता जे लिहितो ते आपल्या धंद्याशी जोडलेले आहे. आपला ऊस तोडायला बीड भागातून टोळ्या येतात. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत. पांढरे जाते, पोटात दुखते, म्हणून गेल्या. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असे ऐकून आल्या. पाळीत खाडा झाला की पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. मग "एकदाची कटकट गेली" असे त्यांनाही वाटले. त्याच वर्षी बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले.

नुसते पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तरुणपणीच हाडे ठिसूळ होतात, अंगाची लाहीलाही होते, हृदयाचा धोका वाढतो. गरज असेल तेथे शस्त्रक्रिया करावीच. पण "हो" म्हणण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात :

– व्हिनेगरची, पॅप किंवा एचपीव्ही तपासणी झाली का? कागद कुठे आहे?
– सोनोग्राफीत नेमके काय दिसले?
– औषधाने बरे होण्यासारखे आहे का?
– बीजकोश ठेवणार की काढणार?

आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

मात्र ही लक्षणे दिसली तर तपासणीच्या वयाचा किंवा मुदतीचा विचार न करता लगेच जावे : पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, घाण वासाचे पाणी जाणे.

आता आपण काय करावे

घरात तिशी ओलांडलेल्या बायका किती, हे आजच मोजावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस विचारावा. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर गल्लीतल्या चारजणींनी मिळून जावे. बचत गटाने एक दिवस ठरवावा. निकालाचा कागद सात-बाराइतकाच जपून ठेवावा. घरात वयात येणाऱ्या मुली असतील तर या विषाणूची लस आहे, ती नऊ ते चौदा या वयात सर्वांत उपयोगी पडते. २०२३ पासून पुण्यात तयार झालेली लसही मिळते. लस घेतली तरी पुढे तपासणी करावी लागतेच.

आणि फडावर टोळी उतरली की ऊस कधी तुटणार एवढेच विचारू नये. टोळीतल्या बायकांना आरोग्य केंद्र कोणत्या बाजूला आहे ते सांगावे, तपासणीच्या दिवशी खाडा धरू नये असे मुकादमाला बजावावे, जमेल त्याने आपल्या ट्रॅक्टरमधून त्यांना पोहोचवावे. आपला ऊस त्यांच्या कोयत्यावर कारखान्यात जातो. तेवढे देणे आपण लागतोच.