परसबागेतील तोडणी

पहिल्या पावसाबरोबर घरोघरी परसबागेचा उत्साह येतो. भेंडी-गवारीचे बी टोकले जाते, दुधी-दोडक्याचे वेल मांडवावर चढविले जातात, मोरीच्या पाण्यावर अळू व केळ वाढते. तोडणी मात्र स्वयंपाकाला भाजी हवी असेल त्याच दिवशी होते. परसबाग लवकर आटते ती पुष्कळदा या सवयीमुळे. फळात बी भरू लागले म्हणजे झाडातील अन्नरस तिकडे ओढला जातो व नवी फुले धरणे मंदावते. जून झालेल्या शेंगा झाडावर राहू देणे म्हणजे पुढील तोड आपल्या हाताने कमी करणे होय.

भेंडीत ही गोष्ट स्पष्ट दिसते. टोकणीपासून सुमारे दीड महिन्याने पहिली तोड मिळते. फूल उमलल्यानंतर 5 ते 7 दिवस शेंग कोवळी असते. पुढे ती धागा धरते. म्हणून एक दिवसाआड, सकाळी लवकर, प्रत्येक झाड पानांखाली पाहून तोड करावी. शेंगेचे टोक वाकविताच कट्कन मोडले तर ती कोवळी समजावी. शेंग ओढू नये, देठासह कापावी. घरात भाजी नको असली तरी तोड चुकवू नये. जादा भेंडी शेजारी द्यावी किंवा चिरून वाळवावी. गवार मीठ-ताकात भिजवून वाळविली म्हणजे तळणासाठी टिकते.

बियाण्यासाठी पिवळ्या शिरांचा रोग नसलेले एक जोमदार झाड निवडून त्यास चिंधी बांधावी आणि त्याच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. 'परभणी क्रांती'सारख्या सरळ वाणाचे बी असे धरता येते. संकरित वाणाचे बी धरू नये. पुढील पिढीची झाडे एकसारखी निपजत नाहीत.

कीटकनाशक फवारल्यास वेष्टनावर सांगितलेले दिवस गेल्याखेरीज तोड करता येत नाही. एक दिवसाआड तोडावयाच्या भाजीत हे साधणार कसे? त्याऐवजी 50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, मावा-तुडतुडे दिसू लागताच फवारावी.

दुधीच्या सालीत नख सहज रुतते तोवर तो काढावा. मेथी महिन्याच्या आत उपटावी. पालक जमिनीपासून 4-5 सेंटिमीटर ठेवून कापल्यास पुन्हा फुटतो.

तोडणी बहुधा घरातील स्त्रियाच करतात, आणि माहिती मात्र ओसरीवर पुरुषांना सांगितली जाते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी परसात जाऊन, झाडावरील जून शेंग दाखवून हे समजावून द्यावे. वाफे किती केले, एवढेच लिहून घेतल्याने काही साधत नाही.

फळांचा नियम उलट आहे. तेथे घाई नडते. पपईच्या सालीवर पिवळी छटा दिसू लागली व चीक पाण्यासारखा पातळ झाला म्हणजे फळ उतरवावे. पपईच्या बुंध्याशी मोरीचे पाणी साचू देऊ नये, बुंधा कुजतो. केळीला मात्र ते पाणी मानवते. केळ्यांच्या कडा जाऊन ती गोलसर झाली की घड कापावा, नंतर ते खोड तोडावे आणि पुढील घडासाठी एकच जोमदार मुनवा राखून बाकीचे काढून टाकावेत.