नाव आले म्हणजे नाममुद्रा नव्हे

वाचकहो, कोपरखैरण्यातील एका लहान देवळात कलशारोहण ठरले होते. मंडळींनी संगमरवरी पाटीवर एक चरण कोरण्याचे योजिले. ज्ञानोबांना पाया आणि तुकोबांना कळस म्हणणारा तो अभंग कोणास ठाऊक नाही? खाली नाव घातले श्रीतुकाराम महाराजांचे. पाटी कारागिराकडे जाणार, तोच साताऱ्याकडच्या एक आजी म्हणाल्या, "अरं बाबांनो, तुकोबा आपल्या तोंडानं आपल्यालाच कळस म्हणतील व्हय?" आम्ही सारे गप्पच झालो.

मग शोध सुरू झाला. तुकोबांच्या गाथेची सूची चाळली, मिळेना. त्यात आमचीही चूक होती. सूचीत अभंगाचे आरंभीचे शब्द असतात आणि आम्ही धरून बसलो होतो मधला चरण! एका टाळकऱ्यास अभंग पहिल्यापासून म्हणावयास लावला. आरंभ हाती आला, तरी त्या सूचीत तो नाहीच. "बुवा, थांबू नका, शेवटपर्यंत म्हणा," आम्ही म्हटले. पाहतो तो काय, कळसानंतरही बोलणे आहे. तेथे ध्वजा फडकते आणि 'बहिणी' ही नाममुद्रा येते.

एका तरुणाने लगेच बहिणाबाई चौधरींची गाणी आणली. पण अहो, त्या खानदेशच्या. त्या १९५१ साली निवर्तल्या. या बहिणाबाई शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या. यांचा काळ १६२८ ते १७००. ब्राह्मणाघरच्या सुनेने शूद्र गुरू केला म्हणून पतीचा मारही यांनी सोसला, पण गुरू सोडला नाही. त्यांच्याच गाथेत तो अभंग मिळाला.

आता चूक कां झाली ते पाहा. चरणात 'तुका' आहे, म्हणून अभंग तुकोबांचा, असे आपण धरले. पण अभंगात नाव दोन प्रकारांनी येते. एक, ज्याचे वर्णन चालले आहे त्याचे. दुसरे, बहुधा शेवटी येणारे कर्त्याचे. आपण अभंग कळसापाशी तोडतो, मग म्हणणारीचे नाव ऐकणार कोण? तेव्हा अर्धवट आठवणाऱ्या वचनाचा कर्ता शोधताना तीन गोष्टी कराव्या: आरंभ आठवून सूची पाहावी, शेवट म्हणून मुद्रा पाहावी, आणि एका नावाच्या दोन व्यक्ती नाहीत ना, हे तपासावे.

असो. पाटीवर आता संत बहिणाबाईंचे नाव आहे. जिने गुरूला कळस म्हटले, तिचेच नाव आपण पुसत होतो. आजींनी ते वाचविले.

॥ रामकृष्णहरि ॥