एकाच वर्गात
शाळेत प्रवेश मिळणे आणि शाळेत सर्वांसह बसता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा १ रुपया दंड ठरविला. तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या. अक्षरे तीच, परंतु ती गिरविताना मुले भेदभावही शिकत. १९१९ मध्ये महाराजांनी या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत दाखल करण्याचा हुकूम काढला. आजही भाषा, जात वा अपंगत्व यांमुळे एखादे मूल वर्गात एकटे बसत असेल, तर त्या हुकुमामागील हेतू अद्याप अपुराच राहिला आहे.