आखूड रायफलीस दुर्बीण कोणती घ्यावी?

पीक राखण्यासाठी परवान्याची आखूड रायफल बाळगून तीवर दुर्बीण बसवू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहो.

दुर्बिणीवर ४×३२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत देतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. ४×३२ मध्ये ती ८, तर १२×४० मध्ये जेमतेम ३ मिलिमीटर भरते. काळोखात तरुणाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, वृद्धाची त्याहून कमी. म्हणून तिन्हीसांजेस लहान पटीचीच दुर्बीण उजळ दिसते. शिवाय तीतून शिवाराचा पट्टाही रुंद दिसतो.

हलक्या रायफलीचा धक्का अधिक. यास्तव डोळा ९ सेंटीमीटर मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल अशीच दुर्बीण घ्यावी. एरवी भुवई फुटावयाची.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरावरही अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाशिवाय गोळी झाडता येत नाही, हे विसरू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्वारीत काय हलते हे पाहण्यास रायफलीवरील दुर्बीण कदापि लावू नये. कारण दुर्बीण जिकडे, नळी तिकडे. त्यासाठी हातदुर्बीण किंवा विजेरी वापरावी. हलणारे ते डुकरच असेल असे नाही. शेजारी किंवा त्याचा बैलही असेल. ओळख पटल्यावाचून चापास बोट लावू नये.