सोवळे आणि स्वच्छता

‘आम्हांला स्वच्छता कोणी शिकवायला नको, ती आमच्या आचारातच आहे,’ असे विधान आपण पुष्कळदा ऐकतो. २०२० साली करोनाची साथ आली आणि साऱ्या जगाला हात धुण्याचे धडे नव्याने गिरवावे लागले, तेव्हा तर ते फारच मोठ्या आवाजात ऐकू आले. बाहेरून आल्यावर पाय धुणे, वहाणा दाराशी काढणे, हस्तांदोलनाऐवजी नमस्कार करणे, कोणाचे उष्टे न खाणे या साऱ्या चालींचे दाखले देण्यात आले. या विधानात तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ते नेमके किती आहे आणि कोठे संपते, हे नाशिकसारख्या क्षेत्रात राहणाऱ्यांनी तरी तपासून पाहावयास हवे. सोवळे काय असते आणि स्वच्छता काय असते, या दोहोंचे नमुने आपल्याला रोज गंगेवर एकत्र पाहावयास मिळतात.

प्रथम श्रेय द्यावयाचे ते देऊ. स्वयंपाकापूर्वी स्नान, जेवणापूर्वी व जेवणानंतर हात धुणे, पिण्याच्या पाण्यात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घेणे, भांडे तोंडाला न लावता वरून पिणे, शौचासाठी डावा आणि जेवणासाठी उजवा हात ठेवणे, सकाळी बाभळीच्या वा कडुलिंबाच्या काडीने दात घासणे, या सवयी ज्या समाजाने शतकानुशतके पाळल्या त्याला स्वच्छतेची जाण नव्हती असे कसे म्हणावे? पिण्याचे पाणी तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवण्याची जुनी रीत घ्या. तांब्याच्या संपर्कात काही तास राहिलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू मरतात, हे प्रयोगांनी दिसून आलेले आहे. साबण नसलेल्या काळात राखेने किंवा मातीने हात घासण्यालाही अर्थ होता. घर्षणाने आणि राखेतील क्षाराने तेलकट मळ सुटतो व त्याबरोबर जंतूही जातात. (मातीचे मात्र जपून बोलले पाहिजे. जेथे माणसे उघड्यावर बसतात तेथील मातीत जंतांची अंडी असतात.)

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचानंतर कोणत्या अवयवाला किती वेळा मृत्तिका लावावी याचा हिशेब दिलेला आहे. डाव्या हाताला दहा वेळा, दोन्ही हातांना मिळून सात वेळा. इथवर आरोग्यशास्त्राची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु लगेच पुढे सांगितले आहे की हे गृहस्थाचे प्रमाण. ब्रह्मचाऱ्याने दुप्पट, वानप्रस्थाने तिप्पट आणि संन्याशाने चौपट करावे. आता गृहस्थाच्या हाताला लागलेली घाण आणि संन्याशाच्या हाताला लागलेली घाण यांत जंतूंच्या दृष्टीने काय फरक? येथे नियमाचे लक्ष हातावरून उठून हाताच्या मालकाकडे गेले. माझ्या मते सोवळे आणि स्वच्छता यांच्यातील सीमारेषा नेमकी हीच आहे. ‘हाताला काय लागले आहे?’ असे विचारणारा नियम स्वच्छतेचा आणि ‘हात कोणाचा आहे?’ असे विचारणारा नियम सोवळ्याचा. आपल्या आचारात हे दोन्ही नियम एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की एकाचे कौतुक करताना दुसराही पदरात पडतो.

मुकट्याचेच उदाहरण घेऊ. सुती धोतर धुऊन वाळत घातले तरी त्याला कोणी शिवले की ते ओवळे. म्हणून ते उंच दांडीवर काठीने वाळत घालावयाचे. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी मात्र स्वभावतःच शुद्ध, तिला रोज धुण्याची गरज नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत तोच मुकटा नेसून चुलीपुढे बसावे, घाम त्यातच जिरावा, जेवणाऱ्यांना वाढावे आणि मग तो घडी करून पुन्हा खुंटीवर ठेवावा, तो सोवळाच. धुतलेले वस्त्र अशुद्ध आणि न धुतलेले शुद्ध! जुन्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना यात काही विसंगत वाटत नसे, कारण त्यांना मळाची चिंता नसून स्पर्शाची होती.

मुकट्यापर्यंत ही गोष्ट गमतीची आहे. बाळंतिणीच्या खोलीत ती गमतीची राहत नाही. बाळंतपण म्हणजे सोयेर, घरातला विटाळ. तेव्हा त्या खोलीत जे नेले ते पुन्हा घरात वापरता येणार नाही, या हिशेबाने घरातील सर्वांत जुनी गोधडी, फाटके लुगडे, कोंदट व अंधारी खोली हीच बाळंतिणीच्या वाट्याला येत. जिला सर्वांत स्वच्छ वस्त्राची व हवेची गरज, तिला सर्वांत मळके वस्त्र. नाळ कापायला विळा किंवा हाताशी येईल ते पाते, आणि जखमेवर कधी राख तर कधी शेण. शेणामातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असतात आणि ती वर्षानुवर्षे टिकतात. मूल चांगले निपजावे, तीन-चार दिवस अंगावर प्यावे आणि मग एकाएकी त्याची दातखिळी बसावी, अंग ताठ व्हावे, आठवडाभरात खेळ आटोपावा. लोक म्हणत, सटवाईने नेले. पुढे गर्भवतींना धनुर्वाताची लस मिळू लागली, नाळ कापण्यासाठी निर्जंतुक पाते आले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. तेव्हा कोठे माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे शिक्कामोर्तब भारताला २०१५ साली मिळाले.

मासिक पाळीच्या बाबतीतही हीच विचारसरणी. ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला बाजूला बसवणारे घर तिने वापरलेले कापड उन्हात वाळत घालू देत नसे. ते कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली ओलसरच राही. ऊन हा फुकट मिळणारा जंतुनाशक, आणि लाजेपायी तोच नाकारलेला. यावर महाविद्यालयीन नियतकालिकात लिहावे की लिहू नये असा प्रश्न काहींना पडेल. परंतु निम्म्या वाचकवर्गाच्या आरोग्याचा विषय टाळून आरोग्यावर लेख लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

हा गोंधळ केवळ आपल्याकडेच होता असे मात्र नव्हे. व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिकक्ष होते. एका कक्षात वैद्यकीचे विद्यार्थी व डॉक्टर बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दुसऱ्याच्या मानाने पुष्कळ अधिक होते. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले की विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतिकक्षात येतात, सुइणी येत नाहीत. त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावला आणि त्याची लक्षणे बाळंतज्वरासारखीच होती. १८४७ च्या मे महिन्यात सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बाळंतिणी मरत होत्या. जुलैत हे प्रमाण दोनांच्याही खाली आले. असे असूनही डॉक्टरमंडळी रुसली. प्रतिष्ठित गृहस्थाचे हात घाणेरडे असू शकतात ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली. तेही एक सोवळेच, पदवीचे. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात सेमेलवाइसचा अंत झाला. पुढे पाश्चर, लिस्टर, कॉख यांच्या संशोधनाने जंतूंचे अस्तित्व सिद्ध झाल्यावर जग त्याच्या बाजूला आले.

रॉबर्ट कॉख तर भारतातच येऊन गेला. १८८४ च्या प्रारंभी कलकत्त्याच्या एका तळ्यात त्याला पटकीचे स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सापडले. त्या तळ्यात लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. पटकीच्या रोग्याच्या विष्ठेतील जंतू पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात, असा हा सरळ मार्ग आहे. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून ही साथ यात्रेकरूंबरोबर उत्तरेत सर्वदूर पसरली होती. आपल्या खेड्यांत मात्र पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत, म्हणजे रोग शेजारच्या गावाकडे रवाना. पंढरीच्या वाटेवर टोचून घेतल्याचा दाखला मागितला जाई, याच्या आठवणी घरोघरच्या वृद्धांनी सांगितलेल्या आहेत.

आणि आपले रामकुंड? तेथे स्नाने होतात, तेथेच अस्थींचे विसर्जन होते आणि तेथलेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीने घेतले जाते. श्रद्धेवर टीका करण्याचा येथे हेतू नाही. परंतु नदीच्या पावित्र्याने पुण्य मिळते की नाही हा एक प्रश्न आणि त्या पाण्यात आतड्यांतले जंतू आहेत की नाहीत हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराणे देतील, दुसऱ्याचे सूक्ष्मदर्शकच देणार. स्नान करणाऱ्याने पाणी तोंडात जाऊ दिले नाही, पिण्यासाठी उकळलेले वा शुद्ध केलेले पाणी वापरले आणि घरी आल्यावर साबणाने हात धुतले, तर त्याचे पुण्य काही उणे होऊ नये.

सोवळ्याची सर्वांत कठोर किंमत मोजली ती ज्यांना त्याने ओवळे ठरवले त्यांनी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. परंतु या माणसांनी पाणी घेतल्यावर ते बाटले असे ठरले आणि दूध, दही, शेण व गोमूत्र यांचे कुंभ मंत्रघोषात तळ्यात रिकामे करून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. पिण्याच्या पाण्यात शेण घालून ते शुद्ध झाले असे मानणारी बुद्धी आरोग्याशी कसले नाते सांगणार? तीन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, आपल्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष मंदिराच्या बंद दारांपाशी आले. त्यांना कोणी ‘हात दाखवा’ म्हटले नाही, जातच विचारली.

याच काळात एक मनुष्य डोईवर मडक्याचे खापर आणि हातात खराटा घेऊन महाराष्ट्रभर हिंडत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगे महाराज (१८७६-१९५६), जन्माने परीट. लोकांचे मळके कपडे धुऊन स्वच्छ करून देणारी जात, तरी तिचा दर्जा खालचा! गाडगेबाबा गावात येत ते प्रथम रस्ते झाडीत, गटारे उपशीत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तरे काढीत. आदल्या दिवशी ज्या घाणीशेजारी लोक निवांत बसत होते ती त्यांनी आधी काढून दाखवलेली असे, म्हणून शब्दांना वजन येई. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरच्या धर्मशाळेला त्यांनी नाव दिले चोखामेळ्याचे. आपल्याकडे गाडगे महाराजांच्या नावाचा पूल आहे, त्या भागात बुधवारचा बाजारही भरतो. बाजार उठल्यावर त्या पटांगणावर जे पडून राहते ते पाहिल्यास बाबांचा खराटा आज कोणाच्या हाती आहे हे कळते. तो पुन्हा एका ठरावीक वर्गाच्याच हाती आहे, आणि आपण त्यांच्यापासून दोन हात दूर उभे राहतो. करोनाच्या दिवसांत रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांना भाड्याची घरे सोडावयास सांगितल्याच्या बातम्या आल्या त्या याच वृत्तीच्या.

आता थोडे आपल्या रोजच्या वागण्याविषयी, कारण विद्यार्थी काही मुकटा नेसत नाहीत. वसतिगृहात एक पंचा चौघांत फिरतो, एक कंगवा सबंध मजल्यावर. खरजेचा कीटक त्वचेखाली बीळ करून राहतो आणि निकट सहवासातून, अंथरुणापांघरुणांतूनही पसरतो. नायट्याचे तसेच. एकाने मलम लावून भागत नाही, खोलीतल्या सर्वांनी एकदम उपचार घ्यावे लागतात. घरी आई एकाच बोटाने तीन मुलांच्या डोळ्यांत काजळ घालते. डोळे आलेले असले तर तेही तिघांत वाटले जातात. एके काळी खुपऱ्यांनी कित्येकांची दृष्टी नेली. तोंड धुणे, ज्याचा टॉवेल त्याला आणि वेळेवर औषध एवढ्या साध्या गोष्टींचा त्यांच्याविरुद्धच्या लढाईत मोठा वाटा होता. खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या भारतात उरली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले.

हात धुण्याचे शास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. जंतू हाताच्या तेलकट थराला चिकटून असतात. साबण तो थर सोडवतो आणि पाणी त्याला वाहून नेते. करोनाच्या विषाणूचे तर बाह्य आवरणच स्निग्ध असल्यामुळे साबणाने ते फुटते. यासाठी वीस सेकंद तरी हात चोळले पाहिजेत. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचे मूळ आणि नखांच्या कडा या नेहमी राहून जाणाऱ्या जागा. नुसते बोटांच्या टोकांवर पाणी घेऊन पानावर बसणे हे आचमन झाले, हात धुणे नव्हे.

अडचण एवढीच की नळ असतो तेथे साबण नसतो. उपाहारगृहाच्या मोरीवर वडी ठेवली की संध्याकाळपर्यंत ती नाहीशी होते, किंवा पाण्यात विरघळून तिचा लगदा होतो. काही शाळांनी यावर एक सोपा उपाय केला आहे. जुन्या नायलॉनच्या मोज्यात वा जाळीच्या पिशवीत वडी घालून ती पिशवी दोरीने नळाला बांधतात. पिशवीवरच हात चोळायचे, फेस बाहेर येतो, वडी कोरडी राहते आणि कोणी नेतही नाही. आपल्याकडे पाण्याच्या टाकीवर चार नळ आहेत. चार मोजे विद्यार्थ्यांत सहज निघतील, साबणाचा खर्च वर्गवर्गणीतून भागेल.