घटक ३.४ : व्यवसाय, माहिती आणि विदा यांचा परस्परसंबंध

संस्थेच्या कारभारात तीन स्तर मानले जातात. संस्था काय करते व कोणत्या नियमाने करते, हा व्यवसाय-स्तर. निर्णयासाठी तिला काय कळावे लागते, हा माहिती-स्तर. आणि प्रत्यक्ष नोंद कशाची होते, हा विदा-स्तर. ‘डेटा’ या शब्दासाठी येथे ‘विदा’ हा पर्याय वापरला आहे. आकृतीत हे स्तर एकावर एक दाखवतात. व्यवहारात ते एकमेकांत गुंतलेले असतात. गावातील दूध संस्थेचे उदाहरण पाहू.

संकलन केंद्रावर लिटर, फॅट आणि लॅक्टोमीटरचे वाचन, म्हणजे ‘डिग्री’, यांची नोंद होते. ही मूळ विदा. फॅटव्यतिरिक्त घनपदार्थांचे प्रमाण सांगणारा ‘एसएनएफ’ पावतीवर त्यांच्या शेजारीच छापलेला असतो. त्यामुळे तोही मोजलेलाच आहे, असे आपल्याला वाटते. परंतु लॅक्टोमीटरच्या पद्धतीत तो सूत्राने काढलेला असतो. म्हणजेच ती माहिती आहे.

डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६, असे एक सूत्र आहे. २९ डिग्री व ३.५ फॅटच्या दुधाला त्याने ८.३५ एसएनएफ येतो. प्रचारातील दुसऱ्या सूत्रात ०.२५ व ०.४४ हे अंक आहेत. त्याने तेच दूध ८.५७ भरते. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ ही प्रत धरून ठरवण्याची पद्धत आहे. एकाच किटलीतील दूध एका सूत्राने प्रतीत बसते, दुसऱ्याने कमी पडते. सूत्राची निवड हा व्यवसाय-स्तरावरील निर्णय होय. तो संगणकात दडून राहतो आणि उत्पादकाच्या हाती केवळ आकडा येतो.

आता उलट दिशेने पाहा. संचालक मंडळाने सूत्र बदलून मागील बिलांचा फरक देण्याचा ठराव केला, असे समजा. डिग्री नोंदलेली असेल, तर फेरहिशोब सोपा आहे. केवळ एसएनएफ नोंदलेला असेल आणि तो कोणत्या सूत्राने काढला हे कोठेच लिहिलेले नसेल, तर ठराव कागदावरच राहतो. अशा वेळी बोल सचिवाला लागतो; चूक मात्र बहुधा नोंदवहीत कोणते रकाने ठेवायचे, हे ठरवताना झालेली असते.

स्वाध्याय : घरातील दुधाची पावती किंवा वीजबिल घ्या. त्यातील मोजलेले आकडे व काढलेले आकडे वेगळे करा. प्रत्येक काढलेल्या आकड्यामागील नियम कोणी ठरवला असेल, ते लिहा.