इथेनॉल, पेट्रोल आणि टर्बो इंजिन : एक अभ्यास

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळावे की मिसळू नये, हा वाद पेट्रोल पंपावरच्या रांगेपासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला. एक पक्ष म्हणतो, इथेनॉलमुळे शेतकरी तरला. दुसरा म्हणतो, इथेनॉलमुळे गाडी बिघडली. दोन्ही बाजूंनी आवाज मोठा आहे. परंतु इंजिनाच्या पोटात प्रत्यक्ष काय घडते, याचा विचार त्या मानाने थोडाच होतो. तो करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाबद्दल लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि आमच्या घरी दीड एकर ऊस व वडिलांची एक जुनी मोटारसायकल, अशी दोन्ही दौलत आहे. म्हणजे इथेनॉलचा कच्चा माल विकणारे आम्हीच आणि तेच इथेनॉल पंपावर विकत घेणारेही आम्हीच. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा या व्यवहारात आमच्या पदरात काय पडते, हा हिशेब मांडणे माझ्याकडेच येते.

टर्बो म्हणजे काय?

लोहार भात्याने हवा फुंकतो तेव्हा त्याच भट्टीत जास्त कोळसा जळतो आणि आच वाढते. टर्बोचार्जर हा इंजिनाचा भाताच होय. फरक इतकाच, की तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. टर्बोमुळे लहान इंजिनात जास्त हवा कोंबता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम लागते, हा अनुभव सर्वांचाच आहे. सिलिंडरमधील मिश्रण फार तापले तर त्यातील काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेतो आणि आत ठोके बसल्यासारखा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. हे चालूच राहिले तर दट्ट्या खराब होतो. आधुनिक इंजिनात नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. तो ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. इंजिन वाचते, पण ताकद कमी होते. तात्पर्य, टर्बो इंजिनाचा खरा शत्रू नॉकिंग हाच होय.

इथेनॉलचे गुण

नॉकिंगला तोंड देण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. इथेनॉलचा हा अंक सुमारे १०८ आहे. सरकारने २०२५ साली दिलेल्या माहितीनुसार भारतातील बी.एस.-६ पेट्रोलचा अंक ९१ होता आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो ९५ वर गेला.

दुसरा गुण गारव्याचा. एक किलो इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता शोषली जाते. शिवाय तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल जास्त लागते. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. त्यामुळे शुद्ध इथेनॉल दर किलो हवेमागे पेट्रोलच्या सुमारे चौपट गारवा देते. वीस टक्के मिश्रणात अर्थातच याचा काही अंशच मिळतो. ज्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे या गारव्याचा लाभ अधिक होतो. अमेरिकेत १९६२ साली आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो मोटारीत नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडत. अल्कोहोलने टर्बोला थंड ठेवण्याची युक्ती इतकी जुनी आहे.

इथेनॉलचा दोष

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये २९.८ मेगाज्यूल उरतात. म्हणजे जवळजवळ सात टक्के घट. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दर किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळपास सारखीच आहे. म्हणून इंजिनाची ताकद घटत नाही. टाकी मात्र लवकर रिकामी होते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातील अंदाज याच्याशी जुळतो. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के, तर तशाच दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल, असे तो सांगतो. २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्केच राहते. कारण अशा इंजिनात वाढलेल्या ऑक्टेनचा उपयोग करून ठिणगी लवकर पाडता येते आणि दाब वाढवता येतो. टर्बो इंजिनाला नॉकिंगचाच अडसर असल्याने हा फायदा त्याला विशेष मिळू शकतो. जुन्या मोटारसायकलला मात्र वाढलेल्या ऑक्टेनचे करायचे काय, हेच ठाऊक नसते. ती पूर्वीसारखीच चालते आणि थोडे जास्त पिते.

याखेरीज इथेनॉल पाणी ओढून घेते आणि काही जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व वॉशर यांना ते मानवत नाही. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीला याची झळ अधिक.

हिशेब कुणाचा?

या धोरणात महाराष्ट्राचा वाटा पहिल्यापासून आहे. २००१ साली देशात जे पथदर्शी प्रयोग झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. ५ टक्के मिश्रण २००३ साली सुरू झाले, सरासरी १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला आणि २०२५ साली २० टक्क्यांचा. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

आता घरगुती गणित पाहू. लिटरला १५ किलोमीटर धावणारी, २० टक्क्यांसाठी न जुळवलेली मोटार १४ किलोमीटर धावू लागली, तर वर्षाच्या १०,००० किलोमीटरला सुमारे ४८ लिटर जास्त लागतील. लिटरमागे शंभर रुपये धरले तर हे सुमारे ४,८०० रुपये होतात. उलट नवी टर्बो मोटार घेणाऱ्याला हा भार जवळजवळ जाणवणार नाही. म्हणजे ज्याची ऐपत नवी गाडी घेण्याची, त्याचे नुकसान कमी; ज्याची जुनी, त्याचे जास्त. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे, इथेनॉलमध्ये नाही.

उसाच्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. साखरेवर आधारित एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे त्याच अहवालात म्हटले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, साखर कमी पडेल या भीतीने, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने निर्बंध आणले होते. तेव्हा केवळ या एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर शिवारभर ऊस लावणे शहाणपणाचे नव्हे. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

निष्कर्ष असा, की इंधन चांगले की वाईट हे एकट्या इंधनावरून ठरत नाही. इंजिन त्यासाठी जुळवले आहे की नाही, यावरून ठरते. जुळवलेल्या टर्बो इंजिनाला इथेनॉल मित्र आहे. न जुळवलेल्या जुन्या गाडीला ते थोडे महाग पडते. म्हणून मिश्रणाच्या लिटरचा भाव त्यातील ऊर्जेच्या प्रमाणात असावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक मराठीत लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा ऊस पिकवणारा आणि पेट्रोल भरणारा असा दोन्ही नात्यांनी मी करतो. गाडी घेताना सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत आपले इंजिन किती टक्क्यांसाठी जुळवले आहे, हे वाचकांनी एकदा अवश्य पाहावे.